ओकचा शेवटचा खांब

ग्रीकांच्या हेरादेवीच्या देवळाचे सगळे खांब मूळचे ओकच्या लाकडाचे. बापाच्या हाताखाली स्त्रातोन सुताराने ते तासले, उभे केले, तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. गावाचा नेम असा, की खांब कुजला तरच त्या जागी दगडाचा घालायचा. धडधाकट खांबाला हात लावायचा नाही. स्त्रातोनच्या देखत एकेक खांब गेला. आणि दगडाचे घडवले कोणी? त्याच्याच पोराने, डिमियासने! बापाची करवत खुंटीला टांगून पोरगा पाथरवट झाला, तेव्हापासून दोघांत धड बोलणं नाही. होते ते टोमणेच.

"काय रे, छपराखाली दगडात खुंट्या कोरतोस म्हणे?" म्हातारा विचारी. "दगडाला खुंट्या कशाला लागतात? आणि त्या वरच्या तीन खाचांच्या पट्ट्या, ती आमच्या तुळयांची टोकं! नक्कल आमची करायची, वर आम्हालाच जुनाट म्हणायचं!"

"दगडाला वाळवी लागत नाही, बाबा," एवढंच डिमियास म्हणे.

पुढे म्हाताऱ्याचे डोळे गेले. मागच्या ओवरीत ओकचा एकच खांब उरला होता. रोज सकाळी तो त्याला पाठ टेकून बसे. हा गेला की आपलंही संपलं, असं त्याने मनाशी धरलं होतं.

बुडाशी ओल धरल्याचं त्यालाच आधी कळलं. बोटाने ठोकलं तर आवाज पोकळ. कोणाला सांगतोय तो! पण पुजारीण थिआनोला झाडताना भुसा दिसला, आणि तिने डिमियासला बोलावणं धाडलं.

डिमियासने बुडाशी टोच्या खुपसला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"कुजलाय, बाबा."

"मला काय सांगतोस? दगड तयारच असेल तुझा."

"आहे."

"मग बघत काय बसलास? पाड एकदाचा!" म्हणाला खरा, पण बिचाऱ्याची पाठ खांबावरून हलेना. थिआनोने हाताला धरून त्याला घरी पोचवलं.

देऊळ हाकेच्या अंतरावर. तुळईला टेकू ठोकल्याचं त्याने ऐकलं, मग करवत. अरेच्चा, ही तर त्याचीच करवत! दातांचा आवाज ओळखीचा होता. त्याने दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.

दोन दिवसांनी डिमियास न्यायला आला.

"कशाला? दगडाला टेकायला?"

"चला म्हणतो ना!"

ओवरीत त्याने बापाचा हात खांबावर ठेवला. लाकूड! म्हाताऱ्याने खांबावर उभ्या कोरलेल्या पन्हळीत बोट घातलं आणि खाली खाली सरकवत नेलं. गुडघ्याखाली एकदम गार लागलं. कुजलेलं बूड तेवढं कापून डिमियासने खाली दगड बसवला होता. पन्हळ मात्र तशीच पुढे चालली होती. म्हाताऱ्याने नखाने सांधा चाचपला. केसभर तरी चूक सापडावी म्हणून पुन्हा चाचपला. नख कुठे अडेना.

"गावाला काय सांगितलंस?"

"कुजलं तेवढ्या जागी दगड घातला. नेम मोडला कुठे?"

म्हातारा खांबाला पाठ लावून बसला. मग शेजारची फरशी थोपटली.

"बस रे. दमला असशील."