चाळीस काचा

रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत तिला सगळे दोनदाताई म्हणत. यंत्राला शंका आलेलं रक्त काचेवर पसरून तिच्याकडे यायचं आणि ती प्रत्येक काच सूक्ष्मदर्शकाखाली दोनदा बघायची. एकदा सुलट, एकदा उलटी फिरवून. घरी कुलूपही दोनदा ओढायची. "लग्नाला होकार तेवढा एकदाच विचार करून दिलास, तिथेच फसलीस," नवरा म्हणायचा.

एकवीस वर्षं हे खपलं. मग नवे साहेब आले. वयाने धाकट्या भावाएवढे, घाई मात्र सात जन्मांची. त्यांनी भिंतीवर फळा लावला: जेवणाच्या सुट्टीपर्यंत चाळीस काचा. बाकीचे कसेबसे चाळिशीला टेकले, दोनदाताई पंचविसावरच अडली. फळ्यावर आपल्या आकड्याखालची लाल रेघ बघून रोज तिच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"साहेब, एकदाच बघून चुका होणार. लिहून ठेवा."

"हातच्या कांकणाला आरसा कशाला, ताई? आज चाळीस काचा एकदाच बघा. रिपोर्ट मी उद्यापर्यंत रोखतो. उद्या त्याच काचा तुमच्या पद्धतीने तपासा. एक जरी चूक निघाली, तर फळा मी स्वतः उतरवतो."

तिने दातओठ खात चाळीस उरकल्या.

दुसऱ्या दिवशी ती तपासायला बसली. पहिली बरोबर. दहावी बरोबर. तिसावीही बरोबर! तिची चिडचिड वाढत गेली. इतकं भराभर पाहिलेलं चुकायला नको का? अडतिसाव्या काचेच्या कडेला काहीतरी मोठं, गडद दिसलं, रक्ताच्या कर्करोगातल्या पेशीसारखं. काल तिने 'ठीक' लिहिलेली काच. तिला आनंदाचं भरतं आलं. सापडली एकदाची! आता उतरवा म्हणावं फळा!

तिने भिंग बदलून पाहिलं. नीट न धुतलेल्या रंगाचा डाग होता, दुसरं काही नाही.

ती इतकी हिरमुसली की तिला रडूच फुटायचं बाकी राहिलं. मग काचेच्या टोकाला पेन्सिलीने लिहिलेलं रुग्णाचं वय तिला दिसलं. सहा वर्षं.

उरलेल्या दोन काचा तिने दोनदा पाहिल्या. बरोबर निघू देत, असं मनात म्हणत पाहिल्या.

"किती निघाल्या?" साहेबांनी दारातूनच विचारलं.

"एकही नाही."

"मी म्हणत नव्हतो?" त्यांनी फळ्यावरचे चाळीस पुसून पन्नास लिहिले. भांडायला तिच्याकडे एकवीस वर्षांचे मुद्दे होते, पण आज कोणत्या तोंडाने भांडणार?