मी, दोन मुलांची आई

गेल्या गुरुवारी आमच्या घरी मेथी आली नाही. हडपसरला आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या प्लॉटवर दर गुरुवारी भाजीबाजार भरतो, आणि आई तिकडे न जाता सोफ्यावर बसलीय हे दृश्य मी कधी पाहिलं नव्हतं.

बरं नाही का, विचारलं. तिनं मोबाइलच पुढे केला. "हे वाच आधी. नाल्याच्या पाण्यावर भाजी पिकवतात म्हणे. बिचारी किती कळवळून लिहितेय."

मेसेजचं नाव 'एका आईचं मनोगत'. दोन लहान मुलं, गुरुवारच्या बाजारातला पालक, शुक्रवारी उलट्या, सलाइन... शेवटी जोडलेले हात आणि 'आपल्या लेकरांसाठी पुढे पाठवा'.

मी वाचल्यासारखं केलं. वाचायची गरज नव्हती, कारण ती आई मीच होतो.

मी एका पीआर एजन्सीत जाहिरातींची कॉपी लिहितो. वय सत्तावीस, लग्न झालेलं नाही, मुलं तर सोडाच, घरात एक मांजरसुद्धा नाही. आमच्या एका क्लायंटचं भाजीचं एसी दुकान आमच्याच भागात सुरू होतंय, आणि कामाचं ब्रीफ आलं होतं 'स्वच्छ भाजीबद्दल जनजागृती'. मी चहा पिता पिता वीस मिनिटांत दोन मुलांची आई झालो.

त्यात दुकानाचं नाव नाही, कुठल्या भाजीवालीचं नाव नाही. तीच तर खुबी. एजन्सीतल्या मॅडमनी कौतुक केलं आणि मलाही बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू...

आईनं तो भिशीच्या ग्रुपवर, योगाच्या ग्रुपवर आणि वर मामालाही पाठवला होता. मी मोबाइल तिला परत दिला. पिशवी उचलली आणि बाजारात गेलो.

हिराबाई मावशींकडून आई मी शाळेत असल्यापासून भाजी घेते. कालव्यापलीकडच्या त्यांच्या गावात आता टॉवर उभे राहिलेत, पण घरातला शेवटचा दीड एकर मावशींनी विकू दिलेला नाही. सहा वाजत आले तरी त्यांच्या पाट्या भरलेल्या होत्या आणि पालक मान टाकून पडला होता.

"तुजी आय न्हाई आली?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, "कोन बाई हाय म्हनं, तिनं लिवलंय. तिला आन की माज्याकडं, हीर दावते. तिच्या म्होरं पानी पिऊन दावते."

आवाजात राग नव्हता, त्याचंच जास्त वाईट वाटलं. थोरला मुलगा जमीन विकायच्या मागे लागलाय. असे अजून चार गुरुवार गेले, तर त्याला अडवायला तोंड उरणार नाही, असं त्या म्हणाल्या. मी पालकाच्या दोन जुड्या घेतल्या आणि परत आलो. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

घरी आईला खरं सांगितलं. ती आधी हसली. मग हसायची थांबली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

सोसायटीच्या ग्रुपवर मी स्वतःच्या नावानं लिहिलं, की तो मेसेज माझा, ती मुलं खोटी. मला वाटलं, आता सगळे बाजाराकडे धावतील... कसलं काय. पहिलं उत्तर आलं, 'हे बाजारवाल्यांनी लिहून घेतलेलं दिसतंय.' आणि ए विंगच्या जोशी काकांनी तर 'आधी हे वाचा' म्हणून माझंच मनोगत मला पाठवलं.

आई शांतपणे म्हणाली, "तेव्हा खोटं लिहिलंस. आता खरं लिहितोयस, हे कशावरून समजायचं?"

भाजी वाईट आहे असं लिहिताना मी विहीर पाहिली नव्हती, आणि चांगली आहे म्हणतानाही पाहिली नव्हती.

शनिवारी सकाळी मी, आई आणि तिच्या भिशीतल्या तिघी, अशा दोन रिक्षा करून मावशींच्या शेतावर गेलो. बांधावरच मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"म्हंजी तू व्हय ती आई?" मग म्हणाल्या, "पोरं बरी हायती का आता?"

बायकांना हसू आवरेना. मला मात्र रडू आलं.

विहीर बांधीव, पाणी नितळ, नाला पार खालच्या अंगाला. मावशी प्यायल्या, मग आई, मग मी. एकीनं औषध कुठलं मारता विचारलं, तर मावशींनी बाटलीच आणून दाखवली. वांग्यावर मारते, मेथीवर नाही, म्हणाल्या. त्या बाईंनी वांगी परत ठेवली आणि मेथी घेतली.

घरी आल्यावर ग्रुपवर आईनं लिहिलं, मी नाही. पाहिलं तेवढंच, वांग्यासकट. खाली नाव, फ्लॅट नंबर, आणि 'शंका असेल त्यांनी पुढच्या शनिवारी माझ्याबरोबर यावं.' संध्याकाळपर्यंत नऊ नावं आली. जोशी काकांचंही.

मॅडमना मी सगळं कळवलंय, उद्या बोलावलंय. नोकरीचं काय होईल माहीत नाही. मावशींचा दीड एकर नऊ नावांवर टिकेल का, तेही माहीत नाही.

पण आज सकाळी ग्रुपवर आणखी एक मेसेज आला. पाणीकपातीबद्दल, 'एका त्रस्त नागरिकाची कळकळ'. एरवी खाली जोडलेल्या हातांची रांग लागली असती... आज जोशी काकांनी फक्त विचारलं, "विहीर पाहिलीत का?"

गुरुवारी मेथी घ्यायला जाईन, तेव्हा मावशींना हे सांगणार आहे. आई येतेय बरोबर.