बाहेरच्या युनिटला सावली

आमच्या अकोल्याच्या घरात आजवर सगळ्यात काळजीपूर्वक बसवलेलं यंत्र मी स्वतः, पूर्ण विचारांती आणि माहितीपुस्तिका दोनदा वाचून बंद पाडलं.

यंत्र म्हणजे एसी. साधा नव्हे, उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात गरम हवा देणारा. आई गेल्यानंतरचा तो पहिला उन्हाळा होता आणि बाबा त्या घरात एकटे होते. आदल्या मे महिन्यात ते ऊन लागून ओट्यावरच कोसळले, तेव्हा आईनं हाका मारून चार माणसं गोळा केली होती. आता हाका मारायला कोणी नव्हतं. कूलरच्या दमट हवेनं त्यांचा दमा उसळायचा, डिसेंबरच्या गारठ्यानंही उसळायचा. डॉक्टर म्हणाले, "यांना फार तापू देऊ नका आणि फार गारठू देऊ नका." (डॉक्टर बाहेरगावचे असावेत. अकोल्याच्या माणसानं असला सल्ला हसल्याशिवाय दिला नसता.)

माझी थोरली बहीण, परतवाड्याची ताई, निर्णय घेऊनच आली होती.

"विनू, बाबाले तुया घरी अमरावतीले घेऊन जाय."

"मी कुठंच जात नाही," बाबा म्हणाले.

"काहून?"

"तिथं माह्या ओट्यावर कोण येते?"

बाबा निवृत्त शिक्षक. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतले त्यांचे जुने विद्यार्थी, आता मिशा पिकलेले, ओट्यावर येऊन बसायचे. कोणाचा तहसीलचा अर्ज, कोणाचा विम्याचा कागद. ती नापिकीची, कर्जाची वर्षं अशी होती की गावाकडच्या माणसाला 'कसं काय?' विचारण्याआधी आपण क्षणभर थांबायचो. बाबा थांबत नसत. आधी चहा ठेवत, मग चष्मा लावत, मग विचारत. आई गेल्यावर तो ओटा हाच त्यांचा दिवस होता.

ताईनं एक अट घातली. "मशीन बसवा. अक्षय तृतीया झाली की मी येऊन पाहीन. खोली थंड असली तर राहा. नसली तर बॅग भरा."

"मंजूर," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे पाहिलं. मी अमरावतीच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. आमच्या घरात तांत्रिक माणूस म्हणून माझ्याकडे पाहिलं जातं, कारण मला इंग्रजी सूचना वाचता येतात.

मी त्या खरोखरच वाचल्या. पेन्सिलीनं खुणा केल्या, वहीत टिपणं काढली. फिटर आला तेव्हा मी वही घेऊन फाटकात उभा होतो. हे गजूभाऊ; चाळिशीचे, दर्यापूरकडचे. घरी पाच एकर काळी जमीन. "कापूस लावून पाह्यला, सोयाबीन लावून पाह्यलं. आता वावर भाऊ पाहते, मी हे पाहतो," ते म्हणाले. "वावरात काय होईन ते सांगता येत नाही, सर. इथं बटन दाबलं की काहीतरी होते."

त्यांना बाहेरचं युनिट भिंतीवर टांगायचं होतं. मी भिंतीवर बोटानं टकटक केली. मुठीएवढा गिलावा खाली आला.

"पुस्तिकेत लिहिलंय, भिंत वजन पेलणारी हवी."

"मग खाली ठेवू."

"जमिनीपासून वर हवं. पाया पक्का, स्टँड बोल्टनं आवळलेला, खाली रबर, आणि पातळी बरोबर. शिवाय स्वतंत्र स्विच आणि स्वतंत्र अर्थिंग."

गजूभाऊंनी माझ्याकडे शांतपणे पाहिलं. "सर, तुमी कॉलेजात काय शिकवता?"

"मराठी."

"तरीच," ते म्हणाले आणि गाडीवरून उतरवलेली हत्यारं परत पिशवीत भरली.

स्टँडसाठी समोरच्या हमीदभाईंकडे जावं लागलं. ते आमच्या गल्लीतले कूलर बनवणारे. आमच्या घरातले दोन्ही कूलर त्यांच्याच हातचे. त्यांच्या दृष्टीनं आम्ही दुसऱ्या पक्षात गेलो होतो.

"मास्टरसाब, चालीस साल कूलर की हवा खाई," ते बाबांना म्हणाले, "अब ये डिब्बा?"

"पोराची हौस हाय," बाबांनी सगळं माझ्यावर ढकललं.

हमीदभाईंनी स्टँड केला. मी त्यावर पातळी पाहण्याची नळी ठेवली. बुडबुडा डावीकडे गेला. त्यांनी पाय घासून आणला. बुडबुडा उजवीकडे गेला. तिसऱ्या वेळी त्यांनी स्टँड माझ्या पायाशी ठेवला आणि म्हणाले, "विनूभाई, इसपे नमाज पढनी है क्या?" पण त्या वेळी बुडबुडा मधोमध होता. मी वहीत बरोबरची खूण केली.

अर्थिंगसाठी खड्डा खणला, कोळसा आणि मीठ भरलं. गजूभाऊ म्हणाले, उन्हाळ्यात इथं रोज तांब्याभर पाणी टाकायचं. बाबांना ते फार आवडलं. सकाळी आधी तुळशीला आणि मग अर्थिंगला, असा त्यांचा क्रम ठरला. सगळं मिळून अकरा दिवस लागले. त्यातलं गजूभाऊंचं काम अर्ध्या दिवसाचं होतं, बाकीचं माझं.

मशीन सुरू झालं त्या संध्याकाळी ओट्यावर पाच-सहा जण जमले होते. बाबांनी विचारलं, "हिवाळ्यात हे गरमी आणते कुठून?"

मी उभा राहिलो. (मला बसून समजावता येत नाही.) "हे यंत्र थंडी करत नाही आणि उष्णताही करत नाही. हे फक्त हमाली करतं. उन्हाळ्यात घरातली उष्णता उचलायची आणि बाहेरच्या युनिटमधून फेकून द्यायची. हिवाळ्यात बाहेरच्या हवेत जी काही थोडी उष्णता असते ती उचलून आत आणायची. म्हणजे बाहेरचं युनिट हे या हमालाचं दार आहे. दार मोकळं पाहिजे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. हे भाषण वाचकांनी कृपया लक्षात ठेवावं. मी ते ठेवलं नाही.

पहिले काही दिवस बाबा मशीन लावून समोरची खिडकी उघडत, कारण कूलर लावला की खिडकी उघडायची हे वऱ्हाडातल्या मुलाला चालायच्या आधी कळतं. ते फोनवर समजावून सोडवलं. त्यानंतर खोली उत्तम थंड व्हायला लागली. बाबा दुपारी झोपायला लागले. ओट्यावरचे लोक उन्हाच्या वेळी आत येऊन बसायला लागले. ताई गुरुवारी येणार होती. मला सुट्टी होती म्हणून मी मंगळवारीच अकोल्याला पोचलो. मी बुधवारी रात्री पोचलो असतो तर ही गोष्ट इथेच संपली असती.

दुपारी बाबांनी मला मागच्या अंगणात नेलं. पश्चिमेचं ऊन थेट युनिटवर होतं.

"विनू, हात लावून पाय. याले ताप आला."

खरंच चटका बसला. पंख्यातून येणारी हवा तर लूच्या झळांपेक्षा गरम.

"बिचारं आपल्यासाठी उन्हात उभं हाय," बाबा म्हणाले. "आपण आत पांघरूण घेऊन."

मी घाईनं पुस्तिका उघडली. तिथे ते होतंच: युनिटला शक्यतो थेट उन्हापासून वाचवावं. दोनदा वाचूनही या ओळीखाली माझी खूण नव्हती. मला इतकं अपराधी वाटलं की मी चहाही न घेता हमीदभाईंकडे गेलो.

आम्ही स्वपक्षात परतत आहोत हे पाहून ते खुलले. संध्याकाळपर्यंत त्यांनी लोखंडी चौकट उभी केली, वर पत्रा टाकला, ती स्टँडलाच बोल्टनं जोडली. मग बाजूंना वाळ्याच्या ताट्या, आणि त्यांवर थेंब थेंब पाणी सोडणारा कूलरचाच छोटा पंप. पुढच्या बाजूला येऊन मात्र ते थांबले.

"सामने भी ताटी? कूलर में तो सामने खुला छोडते."

"हमीदभाई, हा कूलर नाही," मी वर्गातल्या आवाजात म्हणालो. "समोरून लू आत शिरते."

"तुम पढे-लिखे हो," ते म्हणाले आणि पुढून ताटी बांधली.

अंगणभर वाळ्याचा वास सुटला. बाबा खुर्ची टाकून तिथेच बसले. "आता त्याले बरं वाटत असन," असं दोनदा म्हणाले.

बुधवारी सकाळी मशीननं तासभर थंड हवा दिली, मग कोमट दिली, मग थांबलं. ऊन वाढलं म्हणून असेल, असं समजून मी ताट्यांवरचं पाणी वाढवलं. ते सुरू झालं आणि पुन्हा थांबलं. मी पाणी आणखी वाढवलं. गुरुवारी सकाळी बाबा तांब्या घेऊन मागे गेले. नेहमीप्रमाणे एका हातानं चौकटीला धरून वाकले, अर्थिंगला पाणी घालून परत आले. थोड्या वेळानं आतला स्विच खट्कन पडला. वर केला की पडायचा.

गजूभाऊंना फोन केला. ते मूर्तिजापूरला होते. दुपारपर्यंत येतो म्हणाले. फोन ठेवतो तोच ताईचा आला. ती बसस्टँडवर उतरली होती.

बाबांनी पेपर उचलला. मग म्हणाले, "विनू, माहं स्वेटर काढ."

"बाबा, बाहेर पंचेचाळीस असेल."

"आत किती हाय ते तिले कोण सांगते? काढ. मफलरही काढ."

ताई आली तेव्हा बाबा निळं स्वेटर आणि मफलर घालून पेपर वाचत बसले होते. मी खांद्यावर घोंगडी घेतली होती. (आता विचार करतो की नसती घेतली तरी चाललं असतं.)

"हे काय?" ताई दारातच थांबली.

"थंडी वाजून रायली," बाबा म्हणाले. "कालपासून सांगून रायलो, मशीन जरा कमी कर. आयकतच नाही हा."

त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब पेपरावर पडला. मग दुसरा. ताईनं माझ्याकडे पाहिलं. मी घोंगडी जरा घट्ट केली.

ती रागावेल असं वाटलं होतं. तिनं पिशवी खाली ठेवली. बाबांच्या कपाळावर हात ठेवला, आणि तिचा चेहराच उतरला. लहान मुलाचं काढावं तसं तिनं त्यांचं स्वेटर डोक्यावरून काढलं. ओल्या पंच्यानं मान पुसली, पाठ पुसली, माठातलं पाणी घोटघोट पाजलं.

"एवढं इथं राहायचं हाय तुमाले?"

"हो," बाबा म्हणाले. एवढंच.

तेवढ्यात गजूभाऊ आले आणि थेट मागे गेले. मी बाहेर गेलो. ते चौकटीभोवती फेरी मारत होते.

"सर, हे काय हाय?"

"सावली."

त्यांनी दुसरी फेरी मारली. "वरचा पत्रा ठीक. पण याचं तोंड कोणी बांधलं? हे घरातली गरमी तोंडातून बाहेर फेकते. तुमी तोंडालेच ताटी बांधली. दोन दिवसांपासून बिचारं तेच ते गिळून रायलं."

"मैंने पूछा था," गजूभाऊंची गाडी पाहून मागोमाग आलेले हमीदभाई म्हणाले.

गजूभाऊंनी बाजूचं झाकण उघडलं. आतून पाणी ओघळलं. त्यांच्या आवाजातली थट्टा गेली. "वायरीत पाणी गेलं, म्हणून स्विच पडला. अर्थिंग पक्कं हाय, म्हणून. नाहीतर या ओल्या लोखंडाले कोणी हात लावला असता तर..."

ताई माझ्या मागे उभी होती. सकाळी त्या लोखंडाला कोणी हात लावला होता हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. माझे पाय गार पडले. त्या दिवशी त्या घरात गार पडलेली ती एकमेव गोष्ट.

बाबा दारात येऊन म्हणाले, "अर्थिंगही यानंच करून घेतलं न. मागं लागून लागून."

इतक्या वर्षांनीही ते वाक्य आठवलं की मला काही सुचत नाही.

ताट्या आणि पंप निघाले. पत्रा हातभर उंच करून ठेवला. वायरी पुसून, वाळवून गजूभाऊंनी बटन दाबलं, आणि काहीतरी झालं. ताई मशीनसमोर खुर्ची टाकून, हाताची घडी घालून दोन तास बसली. शेवटी तिनं पदर खांद्यांवरून ओढून घेतला. मग निकाल सांगितला.

"बाबा इथंच राहतील. एकटे राहू शकतात ते. विनू, तू मात्र इथं एकटा राहायचं नाही. तू आला की बाबानं मले फोन करायचा."

बाबांनी ही अट शेवटपर्यंत पाळली. त्या घरात त्यांचे आणखी चार उन्हाळे आणि चार हिवाळे गेले. दार माझ्यासाठी उघडतानाच ते ताईचा नंबर लावायचे.

यंदा ते गेले. पुस्तकं आवरायला मी आलो आहे. काम पुढे सरकत नाही. एक पुस्तक उघडलं की त्यात त्यांची खूण सापडते आणि दुपार जाते. ताई रोज फोन करते.

"काय करून रायला?"

"बाबांबद्दल थोडं लिहून राहिलो."

"कोणत्या वस्तूले हात नाही न लावला?"

"नाही."

"मग लिही," ताई म्हणाली. "तुया लिहिल्यानं कोणाले काही होत नाही."