कुंडीत की जमिनीत

मायाकाकू कामाला कधी थकल्या नाहीत. त्या थकल्या बांधाबांधीला. नवरा नानासो माने फौजेत शिपाई म्हणून लागला आणि सुभेदार होऊन घरी आला, तेवढ्या काळात काकूंनी फिरोजपूर, झाशी, तेजपूर, परत झाशी असे किती संसार मांडले आणि किती मोडले, ते त्यांना आता धड सांगताही येत नाही. बदलीचा हुकूम आला की पेट्या काढायच्या, भांडी गोणपाटात गुंडाळायची, पोराचा शाळेचा दाखला आणायचा आणि निघायचं. जायचं का म्हणून कुणी विचारत नाही. फौजेत तशी पद्धतच नाही, आणि मान्यांच्या घरात तर त्याहून नाही.

शेवटी साताऱ्यात, गोडोलीच्या पुढे, स्वतःचं घर झालं. पुढे अंगण, मागे थोडी माती. काकूंना वाटलं, सुटलो एकदाचे. पण नानासोंच्या गुडघ्यानं दगा दिला. मुलगा वीरधवल पुण्यात नोकरीला. तो एकदा जेवता जेवता म्हणाला, "मम्मी, इथं तुम्ही दोघंच काय करणार? हे घर विकू या आणि तुम्ही आमच्याकडे या." वाईट नाही बोलला बिचारा, काळजीनंच बोलला. काकूंनी त्याच्या ताटात भाजी वाढली आणि म्हणाल्या, "बरं." पोरानं तो होकार धरला आणि गिऱ्हाईकसुद्धा शोधलं. येत्या रविवारी ते लोक घर बघायला येणार होते.

त्या मागच्या मातीचं मात्र सांगायला हवं. क्वार्टरमध्ये असताना काकू झाडं लावायच्या ती कुंडीसकट. खड्डा काढायचा, कुंडी गळ्यापर्यंत पुरायची, वरून माती ओढायची. बघणाऱ्याला वाटावं, झाड जमिनीतच आहे. बदली आली की कुंडी उपसायची आणि ट्रकात चढवायची. फौजी बायका एकमेकींना हे शिकवतात आणि तिथं ते शहाणपणाचंच असतं. पण साताऱ्यात, स्वतःच्या घरात, स्वतःच्या मातीत काकूंनी सगळी झाडं अशीच लावली. हात आपोआप तसे चालले. नानासोंनी भोवती तिरप्या विटा रोवून त्यांना गेरू-चुना दिला, जणू उद्या कर्नलसाहेब पाहणीला यायचे आहेत. आणि झाडं? पाचगणीच्या वाटेवरून आणलेला गुलाब, वाईचा मोगरा, कऱ्हाडचं लिंबू, सगळी अंग चोरून उभी. मरतही नव्हती आणि वाढतही नव्हती. शेजारच्या राहीबाई कुंपणावरून म्हणायच्या, "माया, झाडास्नी जेवाय घालतीस का न्हाई गं?" काकू हसायच्या, नर्सरीवाल्याला दोष द्यायच्या आणि पुढच्या खेपेला दुसरी नर्सरी गाठायच्या.

त्याच आठवड्यात एकदा मिरजेच्या दवाखान्यात नानासोंचा गुडघा दाखवून तिघं साताऱ्याला परत निघाले होते. गाडी सून अंकिता चालवत होती. नानासो पुढच्या सीटवर पाय लांब करून पेंगत होते. अंकिताच्या मनात एक होतं. पुण्याच्या फ्लॅटला बाल्कनी आहे, तिथली झाडं मम्मींनी त्यांच्या हातानं निवडायची. "म्हणजे तुम्हाला तिथं करमेल," ती म्हणाली. सून गुणाची आहे, तिच्या बोलण्यात खोट काढायला जागा नाही. त्यामुळेच काकूंना जास्त थकवा येत होता. भांडायला तरी माणूस वाईट लागतं.

सांगलीच्या वेशीवरच्या नर्सरीत हिरव्या जाळीखाली नुसती दमट गरमी होती. अंकितानं ताठ, उभट पानांची एक कुंडी उचलली. "मम्मी, हे घेऊ. याला ऊन लागत नाही, पाणी पंधरवड्यानं घातलं तरी चालतं."

"मग ह्येला करायचं काय?"

"काही नाही. नुसतं कोपऱ्यात ठेवायचं."

काकूंच्या मनात आलं, मलाही तसंच ठेवणार आहेत. त्यांना एकदम रडू आलं आणि त्यांनी ते पदरानं घाम पुसावा तसं पुसलं. "घे. चालंल," त्या म्हणाल्या.

पेठ नाक्याच्या पुढच्या नर्सरीतही तेच. पाम चालंल, वेल चालंल, पांढरी कुंडी चालंल, निळी पण चालंल. डिकी भरत आली. कऱ्हाड मागं पडलं. उंब्रज ओलांडल्यावर अंकितानं पुन्हा गाडी थांबवली, तेव्हा काकूंना वाटलं, आता आपण उतरूच नये. पण उतरल्या. उतरायचं म्हटलं की उतरायचं, ही सवय.

ही नर्सरी लहान होती. मालक बिराप्पा पाइपानं रोपांना पाणी मारत होता. काकू रोपांच्या पिशव्या ओलांडत म्हणाल्या, "आवं, पानी जरा सांबाळून, लुगडं भिजतंय." त्यानं पाइप बाजूला केला आणि हसला.

"आक्का, जतकडच्या काय तुमी?"

"व्हय की. उमदीची मी. तुमी?"

"मी बी तितलाच, संखचा. बोलन्यावरनं वळखलं." मग त्यानं गिऱ्हाईकाला रोज विचारतो तो प्रश्न विचारला. "झाड कुंडीत लावनार का जमिनीत?"

"कुंडीत," अंकिता म्हणाली.

काकूंना माहेर आठवलं. उमदीला टँकरच्या पाण्यात सात जणांचं घर आंघोळ करायचं. सांडपाण्यावर एक तुळस जगवली तरी आजी म्हणायची, पुरे झाली हौस. पुढं क्वार्टरमध्ये पाणी मिळालं, पण माती कधी आपली नव्हती. आता पाणीही होतं, मातीही होती. आणि माणूस विचारत होता, कुंडीत का जमिनीत. इतकी वर्षं झाडं घेतली, नर्सरीवाल्यांनी हे कितीदा तरी विचारलं असेल. काकूंनी तो प्रश्न कधी ऐकलाच नव्हता.

"जमिनीत," त्या म्हणाल्या. अंकितानं वळून बघितलं.

"मंग बकुळ न्या की," बिराप्पा म्हणाला. "पर आदीच सांगतो आक्का, लय दमानं येतंय ते. फुलं बगाय पाच-सात वर्सं काडाय लागतील. घाई आसंल तर नगा नेऊ."

"न्हाई, घाई न्हाई. द्या."

रोप गाडीत ठेवलं, तसे नानासो जागे झाले. "अगं, हे कशाला? रविवारी गिऱ्हाईक येतंय."

"येऊ द्या की," काकू म्हणाल्या आणि खिडकीकडे तोंड करून बसल्या. सातारा येईपर्यंत नानासो आरशातून दोनतीनदा त्यांच्याकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी घरामागच्या मातीत खड्डा काढला. बकुळीचं रोप काळ्या पिशवीसकट त्यात उभं केलं आणि माती ओढायला लागल्या. अर्धा खड्डा बुजल्यावर त्या थबकल्या. स्वतःचाच राग आला त्यांना. माती परत उपसली, विळ्यानं पिशवी उभी चिरली, ओढून काढली. मुळ्या मोकळ्या करून त्यांनी रोप मातीत बसवलं. आता हे झाड उचलून कुठं नेता यायचं नाही, एवढंच त्यांना कळत होतं, आणि त्याची भीतीही वाटत होती.

रविवारी वीरधवल गिऱ्हाइकाला घेऊन आला. कोरेगावचं शिक्षक जोडपं, साधी माणसं. त्यांनी खोल्या बघितल्या, नळ सोडून बघितले, गच्चीवर गेले. काकूंनी चहा केला. मग ती बाई मागच्या दारात आली, तिनं गेरू-चुन्याच्या विटा बघितल्या, झाडं बघितली आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "मावशी, झाडं तेवढी ठेवून जा हं."

फिरोजपूरला एका हवालदाराच्या बायकोनं हेच म्हटलं होतं. झाशीला एका मद्रासी बाईनं खुणांनी सांगितलं होतं. सगळ्याच कुंड्या काही ट्रकात मावत नसत, आणि काकू दर वेळी मान हलवायच्या, पाणी कसं घालायचं ते नव्या बाईला समजावायच्या आणि निघायच्या. आजही मान हलायलाच लागली होती.

"न्हाई," काकू म्हणाल्या. आवाज इतका बारीक होता की त्यांनाच तो पुन्हा काढावा लागला. "न्हाई हो बाई. झाडं बी हितंच ऱ्हाणार आन आमी बी. तुमास्नी उगाच हेलपाटा झाला. चा घ्या, मंग जावा."

वीरधवलचा चेहरा पडला. पाहुण्यांना फाटकापर्यंत सोडून तो परत आला तो तडतडतच. "मम्मी, लोकांसमोर काय हे? तू तर बरं म्हणाली होतीस. पप्पा, तुम्ही तरी सांगा हिला."

नानासो खुर्चीत पाय पसरून बसले होते. त्यांनी बायकोकडे बघितलं. "मी काय सांगू? आजवर मीच सांगत आलोय," ते म्हणाले.

काकू उंबऱ्यावर टेकल्या. पाय दुखत होते, पाठ दुखत होती, पोराचा उतरलेला चेहराही बघवत नव्हता.

"आरं बाळा, तू म्हणालास चला, तवा मला वाटलं, आली बदली," त्या म्हणाल्या. "बदलीला न्हाई म्हणत्यात व्हय कोण? बायकूनं पेटी काढायची, येवढंच मला ठावं. ह्यो हुकूम न्हवता, तू नुसतं इचारलं व्हतंस, ह्ये मला लय उशिरा कळलं बघ."