दोन सूर खाली

माझे भाऊजी वाद्यं दुरुस्त करतात आणि खरं बोलतात. दुसऱ्या सवयीपायी पहिलीचं बरंच नुकसान झालं आहे. कुणी हौसेनं नवी गिटार दाखवायला आणली, की ते तिच्यावर टिचकी मारून म्हणतात, "दिसायला छान आहे, भिंतीवर लावा." मी तीन वर्षं व्हायोलिन शिकत होते. भाऊजींनी एकदा ऐकलं आणि व्हायोलिनच्या पेटीला चांगलं कुलूप बसवून दिलं. ताईनं या माणसाबरोबर चाळीस वर्षं काढली, तिला मानलं पाहिजे.

अशा माणसानं माझ्या माहितीत एकदाच थाप मारली. तीही ज्याची गाणी ते सोळाव्या वर्षापासून ऐकत आले होते त्या गायकाला.

गायक आता पंचाहत्तरीचा. गाणी स्वतः लिहायची, चाल स्वतः लावायची आणि एकट्यानं गिटार घेऊन गायची, हा त्याचा संसार. गेल्या वर्षीच्या कार्यक्रमात घर बदलण्याच्या गाण्याची शेवटची ओळ गाताना त्याचा आवाज फाटला. ते गाणं सगळ्यांना पाठ. लोक आपापल्या चपलांकडे बघायला लागले. भाऊजी घरी येऊन जेवले नाहीत.

यंदा कार्यक्रमाच्या दहा दिवस आधी त्याची गिटार दुकानात आली. तारा जिथे अडकवतात ते लाकूड उचकटलं होतं. भाऊजींनी सरस लावून ते शिकंज्यात आवळलं. दुसऱ्या दिवशी सांधा पक्का झाला होता. पण त्याच दिवशी गायक न्यायला आला तेव्हा भाऊजी म्हणाले, "सरस अजून ओला आहे. कार्यक्रमात सगळ्या तारा दोन सूर खाली लावा. ताण पडला तर परत उचकटेल."

"सरळ सांगायचं ना, वरचे सूर आता लागत नाहीत म्हणून," तो गेल्यावर ताई म्हणाली.

"त्यांना कसं सांगू?" भाऊजी म्हणाले.

रविवारी दुपारी आम्ही तिघं पाचव्या रांगेत बसलो. स्टेजवर एक खुर्ची, एक माईक, पाण्याची बाटली. गायक आला, बसला आणि म्हणाला, "दुरुस्तीवाल्याचा हुकूम आहे, तारा खालीच ठेवायच्या. काही चुकलं तर त्याला धरा." लोक हसले. भाऊजी खुर्चीत आणखी खाली सरकले.

पहिली सहा-सात गाणी भाऊजींनी ऐकलीच नसावीत. मग घर बदलण्याच्या गाण्याची वेळ आली आणि मागून कुणीतरी शहाणा ओरडला, "जुन्या पट्टीत होऊ द्या!"

गायकाचा हात खुंटीकडे गेला. आता तारा चढल्या तर लाकूड हलणार नव्हतं, थाप उघडी पडणार होती आणि आवाज पुन्हा फाटणार होता. भाऊजींनी ताईचं मनगट असं धरलं, की ती कळवळली. गायकानं खुंटीवर बोटं क्षणभर ठेवली, काढली आणि होत्या त्याच सुरात सुरुवात केली. शेवटची ओळ जड, भरल्या आवाजात आली आणि पूर्ण लागली. मला रडू आलं. ताईलाही आलं, पण ती मनगटामुळे म्हणाली.

कार्यक्रमानंतर गायकानं भाऊजींना आत बोलावून घेतलं. आम्ही मागोमाग गेलो.

"सरस किती दिवसांत वाळतो रे?" त्यानं विचारलं.

"एका दिवसात," भाऊजी म्हणाले. थाप निभावणं त्यांना जमण्यातलं नाही.

"घरी गेल्या गेल्या मी तारा चढवून पाहिल्या. लाकूड हललं नाही. माझाच आवाज फाटला." त्यानं गिटार पुढे केली. "मग आता चढवू परत?"

"नको."

"का? वाळलाय ना?"

भाऊजींनी गिटार घेतली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. "तुमचा गळा खालीच चांगला लागतो आता," ते म्हणाले. "वरचे सूर गेले."

गायक म्हणाला, "एवढं सांगायला नऊ दिवस लावलेस."