कडेची रोपं

माझं शिक्षण झालं ते माझ्या थोरल्या बहिणीमुळे. तिला आम्ही आक्का म्हणतो. भांडगावजवळच्या वस्तीवर तिने भाजीपाला पिकवला, दौंडच्या बाजारात विकला आणि मला एम.एस्सी.पर्यंत पोचवलं. माझ्याआधी घरातलं कोणी कॉलेजात गेलं नव्हतं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी भीमेच्या उगमाकडच्या घाटात सदाहरित जंगलाचा अभ्यास करत होतो. सभोवतालचं रान तुटून शेतं झाली होती, मधे देवराईचा एक तुकडा उरला होता. त्यात धुपाची जुनी झाडं ताठ उभी. फळंही भरपूर, पण खाली एक रोप नाही. ती फळं गिळून बिया लांब टाकणारे धनेश पक्षी एवढ्याशा तुकड्यात येईनासे झाले होते. म्हणून पावसाळ्यात बिया मीच पेरल्या, काही कडेला, काही आत. दसऱ्यापर्यंत बऱ्याच उगवल्या.

दिवाळीला घरी गेलो, तर आक्काने कोरेगाव भीमाच्या एका कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकून ठेवलेला. लॅबमधली कायमची नोकरी. होळीच्या आत हजर व्हायचं होतं.

"झाडं हायेत की उभी, तूच म्हंतोस. मग राखण कशाची करतोस?"

"पोरं न्हाईत त्यांना, आक्का."

"तुला तरी कुठं हायेत? आधी नोकरी धर, मग त्यांचं बघ."

मला हसू आलं. "विचार करतो," म्हणालो आणि परतलो.

माघात कडेची रोपं करपायला लागली. मोकळ्या शेतांवरून कोरडा वारा थेट आत घुसत होता. आतली रोपं मात्र अजून हिरवी होती. तेव्हा मी आक्काला पत्र पाठवलं:

"ती. आक्का,

कारखान्यात सांग, माझी वाट पाहू नका. तुझा शब्द मोडतोय, त्याचं वाईट वाटतं.

वांग्यांना वारा लागू नये म्हणून तू वाफ्याभोवती मका लावायचीस. एका वर्षी मका लावायचा राहिला, तर वांग्यांच्या कडेच्या दोन ओळी गेल्या. इथंही तसंच झालंय. जंगलाची कड उघडी पडलीय. मोठी झाडं सोसतात, रोपांना सोसत नाही. अशीच मरत राहिली, तर या म्हाताऱ्या झाडांमागे कोणी उरणार नाही.

आतली रोपं उन्हाळा काढतात का, ते बघायला इथं माणूस हवं. मी थांबतोय. पाऊस लागला की कडेला झुडपांची दाट रांग लावणार आहे. किती अंतरावर लावायची, ते तू येऊन सांग. येताना भाकरी आण. माझ्या अजून करपतात."