मर्नाची दोरी

मर्ना पेटिटचं नाक दोनदा मोडलं होतं. ज्यांनी मोडलं त्यांचं पुढं काय काय मोडलं, ते विचारू नका. लास वेगासमधल्या एका नाइट क्लबच्या दारात ती वर्षानुवर्षं बाउन्सर होती. बायकांच्या स्वच्छतागृहात जुंपली की आत मर्नालाच धाडायचे. उंच टाचांची चप्पल डोक्यात हाणणाऱ्या, झिंज्या उपटणाऱ्या, फुटक्या ग्लासचं टोक दुसरीच्या गालाला लावणाऱ्या नटव्या पोरी ती दोन बगलांत दोन अशा धरून बाहेर आणायची. एकदा एक नवरदेव लग्नाच्या दिवशीच बायकोला केसाला धरून फरफटवत निघाला होता. मर्नानं त्याचं थोबाड दारावर असं आपटलं, की झाडूवालीला त्याचे दात केरात मिळाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मर्नालाही, खोटं कशाला बोला, त्या टाळ्या आवडायच्या.

तीच मर्ना आता सकाळी सकाळी लेकुरवाळ्या कुटुंबांना शहर दाखवत फिरायची. हसू नका! जुगार आणि दारू सोडून या गावात आहे काय, असं नाक मुरडणाऱ्यांनी एकदा तिच्यामागून हिंडून बघावं. गुलाबी पक्ष्यांची बाग, काचेपलीकडून पोरांकडे टक लावून बघणारे शार्क, फुलांचा महाल, गाण्यावर नाचणारी कारंजी. आईबापांचे चेहरे आदल्या रात्रीच्या हरण्यानं उतरलेले असायचे, पण पोरं खूश.

अडचण एकच. आमच्या या गावात कुठंही जायचं तर कॅसिनोतून जावं लागतं, आणि तिथला कायदा असा, की पोरांनी वाटेवरून चालावं, पण थांबू नये. नाडी बांधायला पोर वाकलं की गणवेशातला गडी हजर, "चला, चला, पुढं व्हा!" म्हणून मर्नानं एक जाड दोरी केली होती. तिला जागोजागी फास, एकेका फासात एकेका पोराचा हात, आणि पुढचं टोक मर्नाच्या मनगटाला.

"दोरी सोडायची नाही, थांबायचं नाही, मशीनकडे बघायचं नाही," ती दरडावायची. "बघितलंत तर बापावर जाल!"

सगळ्यात मोठ्यानं बापच हसायचे.

क्लब तिनं सोडला तो मुलापायी. रँडल तिचा एकुलता एक. त्याला तिनं एकटीनं वाढवलं, आणि लाडापेक्षा मार जास्त दिला. तोच मार त्यानं घरी नेला. एका रविवारी मर्ना केक घेऊन त्याच्याकडे गेली, तर तो बायकोच्या छातीवर बसून तिच्या तोंडावर ठोसे घालत होता. बायकोचा एक डोळा मिटून गेला होता. टेबलाखाली सहा वर्षांची ओपल कानांवर हात ठेवून बसली होती. मर्नानं मुलाला मागून उचलला, भिंतीवर फेकला, आणि त्याचा हात उलटा पिरगळून मोडला. तो काडकन आवाज ओपलनं ऐकला. मर्ना तिथंच थांबली असती तर बरं होतं. पण ती थांबली नाही. मुलगा बेशुद्ध पडल्यावरही ती त्याला मारत होती, शेवटी शेजारच्यांनी तिला ओढून काढलं.

रँडल तुरुंगात गेला. सून कुठं निघून गेली त्याचा पत्ता नाही. ओपल सरकारनं ठरवून दिलेल्या परक्या घरी वाढू लागली, आणि मर्नानं ती मिळावी म्हणून अर्ज केला. अशा मुलांची सोय लावणाऱ्या सरकारी खात्याच्या बाईनं स्पष्टच सांगितलं, "मर्ना, हात उचलल्याची एक तक्रार आली तरी पोरगी विसरा. आणि पोरगीच नको म्हणाली, तर माझा इलाज नाही."

हे दुसरं जास्त अवघड होतं. भेटीच्या खोलीत ओपल लांबच्या खुर्चीत बसायची. तोंडाकडे बघायचीच नाही, फक्त मर्नाच्या हातांकडे बघायची.

"बाळा, हे हात आता कुणावर उठणार नाहीत," मर्ना एकदा म्हणाली. "शप्पथ."

"बाबा पण असंच म्हणायचा," ओपल म्हणाली.

मर्ना त्या दिवशी गाडीत बसून ढसाढसा रडली.

कोर्टाची तारीख गुरुवारची होती आणि त्याच आठवड्यात ते घडलं. ऊन असं, की डांबराला बूट चिकटत होते. रस्ता ओलांडायच्या पुलाचा सरकता जिना बंद. परगावचा माणूस बिचारा उन्हातून वळसा घालून गेला असता. पण वेगासचा माणूस गारव्याची वाट सोडत नाही. मर्नानं दोरी कॅसिनोच्या आत वळवली आणि मशिनींच्या अगदी कडेनं निघाली. इथंच ती चुकली.

रांगेतल्या एका पोराचा प्लास्टिकचा डायनासोर हातातून निसटला आणि एका टोपीवाल्याच्या खुर्चीखाली गेला. पोरगं वाकलं. दोरी थांबली. टोपीवाला आदल्या रात्रीपासून त्याच मशीनला चिकटलेला, डोळे लाल. पोर पायाशी आलं आणि नेमका तेव्हाच त्याचा डाव गेला.

"पनवती! माझं नशीब फिरवलंस!" तो ओरडला आणि त्यानं बुटाची टाच पोराच्या बोटांवर दिली.

पोर किंचाळलं. मर्ना मध्ये घुसली आणि तिनं टोपीवाल्याला नुसत्या खांद्यानं मागं रेटलं. त्यानं दारूचा जाड ग्लास उचलला आणि तिच्या भुवईवर फोडला. रक्त डोळ्यात उतरलं. दुसरा फटका गालावर, तिसरा नाकावर, तेच बिचारं नाक! त्याची हनुवटी उघडी होती. मर्नाला ती दिसत होती. एक ठोसा, फक्त एक, आणि हा गडी आठवडाभर पेजेवर राहिला असता. तिची मूठ आपोआप वळली.

मग तिनं दोन्ही हात दोरीच्या पुढच्या रिकाम्या फासांत घातले आणि घट्ट आवळून घेतले.

"चालत राहा, बाळांनो!" ती ओरडली. "थांबायचं नाही! कायदा आहे!"

आणि रांग चालू लागली. पुढं मर्ना, हात बांधलेले, मागं रडणारी पोरं, आणि शेजारून तो माणूस, शिव्या घालत, बरगड्यांत बुक्क्या हाणत. मर्ना एकेका बुक्कीला हुंकार द्यायची आणि पाऊल टाकायची. आईबाप पुतळ्यासारखे उभे होते. त्यानं तिचे केस धरून डोकं एका मशीनवर आपटलं, तशी ती गुडघ्यावर आली, पण उठली आणि पुन्हा चालली. शेवटी रखवालदार ऑस्वाल्डो धावत आला आणि त्यानं त्या माणसाला जमिनीवर लोळवलं. क्लबात ऑस्वाल्डो मर्नाच्याच हाताखाली शिकला होता.

"मर्ना, तू? तू मार खाल्लास?" तो ओरडला. "अगं, याला तू चटणीसारखा वाटला असतास!"

"गुरुवारी तारीख आहे रे, गाढवा," ती रक्त थुंकत म्हणाली. "पोराची बोटं बघ आधी."

गुरुवारी तिचं तोंड वांग्यासारखं सुजलेलं होतं. भुवईला टाके, एक डोळा पार मिटलेला. तिनं आरशात बघितलं. सुनेचा चेहरा त्या रविवारी हुबेहूब असाच होता. आता पोर भिंतीला लागून किंचाळणार, सगळं संपलं, असं तिला वाटलं.

कोर्टाबाहेरच्या खोलीत ओपलनं तिला पाहिलं आणि ती जागच्या जागी थिजली.

"बाबा सुटला?" तिनं विचारलं.

"नाही गं. दुसराच कुणीतरी होता."

ओपल खुर्चीतून उतरली. आजवर कधी आली नव्हती, ती मर्नाजवळ आली. तिनं मर्नाचा उजवा हात हातात घेतला, पालथा केला आणि बोटांची हाडं एकेक करून चाचपली. मग डावा हात घेतला, तोही तसाच तपासला. कुठं सालटं निघालेलं नाही, कुठं खरचटलेलं नाही, फक्त मनगटाला दोरीचे वळ. मग ती नळाकडे गेली आणि कागदी रुमाल भिजवून, नीट पिळून घेऊन आली.

"डोळा मीट, आजी," ती म्हणाली. "थोडं झोंबेल. आईला पण झोंबायचं."

खात्याच्या बाईनं तोंड फिरवून डोळे पुसले.

आत न्यायाधीशबाईंनी मर्नाच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग कागदांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे, आणि चष्मा काढून ओपलला हळूच विचारलं, "बाळ, हिच्याकडे राहायची तुला भीती नाही ना वाटत?"

"नाही," ओपल म्हणाली. "मी हात बघितलेत."